गवा उभा होता तेवढा वेळ

मिरज,
रविवार, ८ डिसेंबर १९९६

प्रिय अवधूत,

एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. उठून चहा केला, ओट्याशी उभ्यानेच प्यायले, गच्चीवरचे वाळलेले कपडे काढून आणले आणि परत येऊन बघितलं, तर ते 'प्रिय' तसंच होतं. बावीस वर्षं मी तुला 'सर' म्हणत आले. आपण एका शाळेत शिकवत होतो तेव्हा सर, तू कडेगावच्या हायस्कुलात गेल्यावर दिवाळीच्या कार्डावर 'आदरणीय सर', आणि तुझी बायको मालन इथे दवाखान्यात होती तेव्हा जिन्यात गाठ पडली तरी 'सर, डबा आणलाय'. जूनमध्ये स्टेशनच्या कँटीनमध्ये तू म्हणालास, आता तरी मला तू म्हण. तेव्हा मी चहावर साय धरेपर्यंत खाली बघत बसले होते. तर आज म्हणते. लिहिताना जमतंय असं दिसतं. तोंडाने जमेल का ते पुढचं पुढे.

त्या दिवशी तू जे विचारलंस त्याला आता सहा महिने होतील. मी विसरलेले नाही. तूही विसरला नसशील, पण एकदाही आठवण करून दिली नाहीस. फक्त ऑक्टोबरात एका पाकिटातून ते छापील पत्रक पाठवलंस : कोयनेच्या खोऱ्यात फक्त स्त्रियांसाठी सहा दिवसांचं लेखन शिबिर, साताऱ्याच्या एका महिला मंडळातर्फे. मागे तुझ्या तिरप्या अक्षरात दोनच वाक्यं, 'जाऊन ये. दिवाळीची सुट्टी आहे.' मला आधी रागच आला. माणूस एवढं मोठं विचारतो आणि उत्तर येत नाही म्हणून शिबिराला पाठवतो, हे काय, असं वाटलं. चार दिवस ते पत्रक नकाशाच्या पुस्तकात पडून होतं. पाचव्या दिवशी मी फॉर्म भरला आणि दादाला सांगितलं, शाळेचं प्रशिक्षण आहे. सत्तेचाळीस वर्षांची बाई भावाशी खोटं बोलते, आणि तेही वही-पेन घेऊन डोंगरात बसण्यासाठी. मला हसू येत होतं.

साताऱ्याच्या स्टँडवर जमायचं होतं. तिथे कोण भेटावं, तर नूरजहां. तू तिला ओळखत नाहीस, तू गेल्यावर ती शाळेत आली. भूगोलात कायम काठावर पास, पण निबंधात पहिली. लग्न होऊन मिरजेतच तंबोरे बनवणाऱ्यांच्या घरात पडली. तिचा नवरा अजमल तिला सोडायला इतक्या लांब आला होता. तिची पिशवी माझ्या पायाशी ठेवून म्हणाला, "बाई, हिला भरपूर लिहायला लावा. घरात माझ्या कानांना जरा आराम मिळेल." नूरजहां लाजली नाही, त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुमच्यावरच लिहिणार आहे." मी मात्र गारठले. विद्यार्थिनी शेजारी बसून लिहिणार आणि बाईंना काही सुचणार नाही, हे चित्र मला तिथेच दिसलं होतं.

आणि तसंच झालं. कासचं पठार ओलांडून बामणोलीला उतरलो. फुलं केव्हाच सरली होती, सगळा माळ वाळल्या गवताने सोनेरी झाला होता आणि वारा असा की पदर धरून ठेवावा लागत होता. बामणोलीहून लाँचने धरणाच्या पाण्यातून पलीकडे, कारवंडे नावाच्या पंधरा-वीस घरांच्या वाडीला. एका बाजूला पाणी, तिन्ही बाजूंना जंगल आणि वर कडे. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा सुट्टीमुळे रिकामी होती, तिथे आम्ही चौदा जणी. शिबिर घेणाऱ्या हेमलताताई साठीच्या, अंगाने किरकोळ, डोक्याला क्रिकेटवाल्यांसारखी टोपी आणि गळ्यात शिट्टी. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांची घड्याळं एका डब्यात भरून घेतली. नियम दोनच. दुपारच्या जेवणापर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. आणि कुणी काही वाचून दाखवलं तर 'छान', 'सुंदर' म्हणायचं नाही, फक्त एक प्रश्न विचारायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, आपल्या हातांबद्दल लिहा. मी तासभर हातांकडे बघत बसले. शेवटी खिडकीतून समोरचा कडा दिसत होता म्हणून लिहिलं, 'सह्याद्री हा बेसॉल्ट खडकाच्या थरांचा बनलेला असून पश्चिमेकडील उतार तीव्र आहे.' वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा हेच वाचलं. मग नूरजहांने हात वर करून विचारलं, "बाई, हे किती मार्कांना?" अवधूत, मी अशी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. चौदाच्या चौदा जणी हसत सुटल्या. माझ्या आठवणीत मी माझ्यावरच इतकं कधी हसले नव्हते. त्यानंतर नूरजहांने तिचं वाचलं. सासऱ्यांचे हात, तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हळू वाजवून तो पक्का वाळलाय का ते ऐकणारे, आणि तेच हात तिच्या बाळाच्या टाळूवर कसे ठेवले जातात ते. मी प्रश्न विचारायचा विसरून गेले.

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मी लिहीत होते, पण सगळी शालेय उत्तरं. बाकी मात्र मी फार मजेत होते, हे तुला सांगायलाच हवं. पहाटेची थंडी अशी की चुलीपुढून उठवत नसे. पाण्यावर धुकं इतकं दाट की पलीकडचा डोंगर नुसता ऐकू यायचा, म्हणजे तिथल्या कोंबड्याची बांग. एक कराडची वकीलबाई रोज झऱ्यावर अंघोळ करताना मोठ्याने गायची, कारण दुपारपर्यंत बोलायचं नव्हतं, पण गायचं नाही असं कुठे सांगितलं होतं. मी अनवाणी चालले. झाडावर चढले नाही, पण एकदा ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारत पलीकडे गेले आणि परतही आले.

आमचा स्वयंपाक करायची साळूबाई. वाडीतलीच, पासष्टीच्या आसपासची, काटक, आणि तोंडाने लय फटकळ. हे 'लय' तिच्याकडूनच आलंय, असू दे. तिचा नवरा हंबीरराव लाँचवर कामाला होता, आता आम्हाला रानात नेण्या-आणण्याचं त्याच्याकडे होतं. नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, पाण्यातले ताजे मासे, आणि आम्ही मासे न खाणाऱ्या तिघी-चौघींसाठी खरडा आणि दही. मी रोज खरडा मागून घ्यायचे. वहिनीला कळलं तर ती म्हणेल, वन्सं, घरी तर मिरची बाजूला काढता.

चौथ्या दिवशी हंबीरराव आम्हाला वर कड्याच्या धारेवर घेऊन गेला. तिथून पलीकडे कोकण दिसतं, सगळं खाली, निळं. तिथे प्रत्येकीने एकटीने तासभर बसायचं होतं, एकमेकींना दिसणार नाही पण हेमलताताईंची शिट्टी ऐकू येईल इतक्या अंतरावर. बसवताना हंबीररावने प्रत्येकीला तेच सांगितलं, "गवा दिसला तर हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई, पळायचं तर अजाबात न्हाई. त्याला तुमच्याशी काय काम नसतंय."

मी एका सपाट दगडावर बसले होते. वहीवर तारीख घातली होती. मागे कारवीच्या जाळीत काहीतरी मोडल्याचा आवाज आला, मी वळून बघितलं, तर तो उभाच होता. वीस पावलांवर. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, बाकी सगळा काळा, खांदे इतके उंच की मागचं आभाळ दिसत नव्हतं. मी हलले नाही, त्यात माझं कौतुक काही नाही, हलताच आलं नसतं. तो काहीतरी चावत होता. चावायचा, थांबायचा, माझ्याकडे बघायचा, परत चावायचा. त्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. किती वेळ ते सांगता येत नाही, घड्याळ डब्यात होतं.

अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात. मला वाटलं होतं, मला दादा आठवेल, आई आठवेल, निदान शाळा तरी. तसलं काही आठवलं नाही. माझ्या मनात एकच वाक्य आलं, जसं कुणी शेजारी बसून म्हणावं तसं, 'अरे, अवधूतला सांगायचं राहिलं.' गवा वळला, जाळीत शिरला, थोडा वेळ फांद्या मोडल्याचा आवाज येत राहिला आणि मग फक्त वारा. मी वही उघडली आणि शिट्टी होईपर्यंत लिहीत राहिले. साडेतीन पानं. त्यात एकही उत्तर मार्कांसाठी नव्हतं.

दुपारी शाळेच्या ओट्यावर ती पानं मी वाचून दाखवली. आता तुलाही सांगते, कारण ती तुझ्याबद्दल होती आणि मालनबद्दल होती. सहा वर्षांपूर्वी मालन दवाखान्यात होती ते दोन महिने मी रोज डबा आणायचे. तू आभार मानायचास, तुझी अपूर्वा तेव्हा चौदा वर्षांची होती, ती माझा हात धरून जिना चढायची, आणि सगळे म्हणायचे, उमाबाईंचं मन किती मोठं. अवधूत, तो डबा मालनसाठी होता. पण फक्त मालनसाठी नव्हता. जिन्याच्या वळणावर तू दिसशील, दोन वाक्यं बोलशील, हेही त्या डब्यात होतं. मी ते स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नाही. ती आजारी, आणि मी सकाळी साडी बदलून निघायचे. ती गेली त्या दिवसापासून ते मला बोचत होतं. जूनमध्ये तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसले ती दादाला भिऊन नाही, लोकांना भिऊनही नाही. मला वाटलं, जे मी तेव्हा चोरून मनात घेतलं, तेच आता राजरोस मागितलं जातंय, आणि मालन बघते आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी तुला आजवर माहीत नाही. एका दुपारी तू औषधं आणायला गेला होतास. मालन उशीला टेकून बसली होती, मी तिला भात कालवून देत होते. ती एकदम म्हणाली, "बाई, ह्यांचं मन तुमच्यावर हुतं, मला ठावं हाय. लगीन झाल्यावर तिसऱ्या म्हयन्यात ह्यांनीच सांगितलं. मी म्हनलं, बरं झालं सांगितलंसा, आता जेवा, भाकरी गार व्हतीया." आणि हसली. खूप दिवसांनी इतकी हसली होती. मी तिथून पळून गेले असते, पण माझा हात भाताने भरला होता. ती म्हणाली, "तुमी आपलं वाढा. मी तुमच्यावर रागवायला बोलले न्हाई. कुनालातरी सांगावं वाटलं." त्यानंतर आम्ही दोघी ते कधी बोललो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती मला बाई म्हणेनाशी झाली, उमाताई म्हणू लागली.

वाचून झालं. नूरजहां मान खाली घालून पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. प्रश्न कुणालाच सुचेना. तेवढ्यात दारातून आवाज आला. साळूबाई हातात पळी घेऊन उभी होती, किती वेळ उभी होती कोण जाणे. म्हणाली, "मी इचारू का?" हेमलताताई म्हणाल्या, विचारा की. साळूबाईने मला विचारलं, "तो डबा त्या बाईंनी खाल्ला का न्हाई?"

मी म्हटलं, खाल्ला.

"सगळा?"

"कारल्याची भाजी सोडून सगळा."

"मग तिचं तिला पोचलं की. तुमच्या मनातलं तुमच्यापाशी ऱ्हायलं. तिच्या ताटातलं काय काढून घेतलंसा?"

एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला आत गेली. मी तिथेच बसून रडले आणि रडता रडता मला जाणवलं की मला सडकून भूक लागली आहे. त्या दुपारी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. नूरजहां मोजत होती.

जेवणानंतर मी साळूबाईला भांडी घासू लागले. तिथे तिने आपलं सांगितलं. पस्तिसाव्या वर्षी तिचा पहिला नवरा गेला, पदरात दोन मुलं. दहा वर्षं तिने एकटीने काढली. मग पंचेचाळिसाव्या वर्षी हंबीररावशी पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न. त्याचीही बायको गेलेली. मी विचारलं, लोक काय म्हणाले? ती राखेने पातेलं घासत म्हणाली, "म्हनली की. पैल्या दिशी म्हनली, दुसऱ्या दिशी म्हनली. तिसऱ्या दिशी नाचनी काढायला आली हुती, तवा समदी रानात गेली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडं नाचनी न्हाई, पर तुमच्या लोकांस्नीबी कायतरी कामं असतीलच न्हवं?"

पाचव्या दिवशी मी शिबिराचं काहीच लिहिलं नाही, त्याऐवजी नकाशा काढला. साळूबाईचं मूळ गाव या धरणाच्या पाण्याखाली आहे. ती म्हणाली, मला लिवता येत न्हाई, पन माझ्या गावातल्या वावरांची नावं कुनीतरी लिवून घ्या, आमची पिढी गेली की ती नावंबी जातील. नूरजहां नावं लिहू लागली आणि मी मोठ्या कागदावर आखू लागले. थोरलं खाचर, भुताचा दरा, लांबट, सासूचं वावर. असं ते गाव तासाभरात कागदावर उगवलं. सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला, पण नकाशा काढताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता. हंबीररावचं गाव शेजारचंच, तेही बुडालेलं. तो बघायला आला आणि म्हणाला, आंब्याचं झाड ओढ्याच्या अलीकडं होतं. साळूबाई म्हणाली, पलीकडं. तो म्हणाला, मी त्या झाडावरनं पडलोय, मला सांगतीस? ती म्हणाली, डोक्यावर पडलासा, म्हणून अलीकडचं पलीकडचं कळंना. अर्धा तास त्या दोघांचं चाललं होतं. मी खोडरबर हातात घेऊन बसले होते, झाड एकदा इकडे काढत होते, एकदा तिकडे. झाड पन्नास हात पाण्याखाली, आणि ही दोघं त्याच्यावरून भांडून अशी ताजीतवानी झाली की संध्याकाळी त्याने तिच्यासाठी रानातून करवंदीची वाळकी काटकी तोडून आणली, चुलीला. मी ओट्यावर बसून बघत होते आणि मला त्यांचा हेवा नाही, माझी कीव नाही, सरळ एक इच्छा झाली. मला असं भांडायचंय. रोज, एखाद्या झाडावरून. तुझ्याशी.

शिबिर संपलं त्या दिवशी नेमका वारा सुटला आणि लाँच दुपारपर्यंत येईना. हेमलताताईंनी घड्याळं परत दिली, पण कुणी घातली नाहीत. शेवटी लाटांवर आदळत लाँच आली, आम्ही सगळ्या भिजलो, वकीलबाई गात होती आणि नूरजहां पोटाशी वह्यांची पिशवी धरून बसली होती, तिच्यात तुझी साडेतीन पानं होती.

घरी आले. आल्या आल्या सांगेन असं ठरवलं होतं, पण आठ दिवस गेले. मग गेल्या रविवारी सकाळी पोहे खाताना मी म्हटलं, "दादा, मी प्रशिक्षणाला गेले नव्हते." तो पेपरातून वर न बघता म्हणाला, "माहीत आहे. पत्रक तुझ्या नकाशाच्या पुस्तकात होतं, मी चष्मा शोधताना दिसलं. मागचं अक्षरही ओळखलं." माझी सगळी तयारी तिथेच कोसळली. मग मी जे काही सांगायचं होतं ते एका दमात सांगितलं. विचारलं नाही, अवधूत, सांगितलं. दादाने पेपराची घडी घातली, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला.

वहिनी तांदूळ निवडत होती. ती तशीच निवडत राहिली, आणि मग म्हणाली, "वन्सं, मी या घरात आले त्या वर्षी ते तुम्हाला मागायला आले होते. तुम्ही तेव्हा भांडला नाहीत. मला वाटलं, आज भांडतील, उद्या भांडतील. मी कितीतरी वर्षं वाट बघितली." मी तिच्या शेजारी बसले आणि अर्धं सूप माझ्याकडे ओढून घेतलं.

दादा दोन तासांनी आला. केस कापून आला होता, दुसरं काय करावं ते सुचलं नसावं. झोपाळ्यावर बसून बराच वेळ पायाने फरशी रेटत राहिला. मग म्हणाला, "त्या वर्षी तो आला तेव्हा मे महिना होता. मी त्याला आत ये म्हटलं नाही. जात आपली नाही, एवढं उन्हात उभं करूनच सांगितलं. त्याच्या गावाहून, कुंडलहून आला होता तो, सायकलवर." इतकं तपशीलवार त्याच्या लक्षात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "मला अजूनही सगळं पटलंय असं नाही. पण तू आता विचारत नाहीयेस, हे मला समजतंय." आणि आत जाताना थांबून विचारलं, "त्याला गुडघेदुखी वगैरे नाही ना? आपला जिना उंच आहे." वहिनीने तोंडाला पदर लावला. दादाची परवानगी यापेक्षा स्पष्ट भाषेत यायची नाही, ती तू तेवढ्यावरच घे.

काल अपूर्वाचं पत्र आलं. कराडला कॉलेजात ती मजेत आहे, पण मुद्दा वेगळाच. लिहिते, 'मावशी, बाबा दर शनिवारी पोस्टमनची वाट बघतात आणि मला सांगतात की विजेचं बिल यायचंय. तुम्हाला काय कळवायचं ते कळवा, बिल मी भरते.' पोरगी आईवर गेली आहे. मालन असती तर अशीच बोलली असती, आणि हे मनात आलं तेव्हा पहिल्यांदाच तिच्या आठवणीने मला बरं वाटलं.

तर आता मी हे पत्र कशासाठी लिहिते आहे ते. जूनमध्ये त्या कँटीनमध्ये तू विचारलंस की माझ्याशी लग्न करशील का. हो. करीन. शाळेतली नोकरी सोडणार नाही, हे आत्ताच सांगते. नूरजहांच्या घरी कारखान्यावरची माडीची खोली रिकामी आहे, खाली दिवसभर तंबोऱ्याच्या तारा लावून बघतात, वर खिडकीत उन्हं येतात. मी ती बघून आले. शनिवारी शाळा सुटली की कडेगावची बस, सोमवारी पहाटे परत, आणि मधल्या दिवसांत जमेल तेव्हा तू इकडे ये. मालनचा फोटो कडेगावच्या घरात आहे तिथेच राहील, त्याखालच्या भिंतीला फक्त रंग द्यायचाय, तो मी निवडणार. पुढच्या रविवारी, पंधरा तारखेला, सकाळच्या बसने ये. दादा घरात असेल. मी खाली दारातच उभी राहीन, आणि तुला सगळ्यांसमोर 'तू' म्हणून आत घेऊन जाईन.

तुझीच,
उमा